ब्रेकशिवायची पंधरा मिनिटं

त्या दिवशी नवशिक्यांच्या ग्रुपमधला सगळ्यात जलद लॅप ज्यानं मारला, तो मी शिकवत असलेलाच रायडर होता. संध्याकाळी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, मीही हात मिळवला. पण त्याच्या बाइकच्या शेपटीखाली लावलेल्या जीपीएस लॉगरची फाइल अजून माझ्या लॅपटॉपवर आहे आणि रिकामा वेळ मिळाला की मी ती उघडून बसतो. तिच्यात सकाळ आहे, संध्याकाळ आहे, आणि मधली पंधरा मिनिटं दुसऱ्याच कुणीतरी बाइक चालवल्यासारखी आहेत.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. क्रमांक नाही, बक्षीस नाही. हौशी लोक आपापल्या बाइक घेऊन येतात, वेगाप्रमाणे तीन ग्रुप पडतात आणि आळीपाळीनं पंधरा-पंधरा मिनिटं ट्रॅक मिळतो. मी तिथं कोच असतो. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही दिवसभर सुसाट सुटलेले असतो. खरं तर आमचा निम्मा वेळ आपल्या कुवतीपेक्षा बराच हळू, मान मागं वळवून बाइक चालवण्यात जातो आणि उरलेला पॅडॉकमध्ये, म्हणजे बाइक उभ्या करायच्या आवारात, उकिडवं बसून लोकांचे टायर निरखण्यात.

सकाळच्या तपासणीत त्याच्या बाइकला नाव ठेवायला जागा नव्हती. आरसे काढलेले. फुटल्या तर काचा ट्रॅकवर पडू नयेत म्हणून दिव्यांवर टेप. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं की डांबर इतकं निसरडं होतं की ते धुऊन काढेपर्यंत सगळ्यांचा वेळ जातो. चेन योग्य तेवढी सैल, थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ, सोडला की खटकन मिटणारा. हजार सीसी, दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर, टायर वॉर्मर, एकसंध लेदर सूट. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला नम्र माणूस.

"आज काय साधायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"टाइम कमी करायचाय. आणि जमलं तर गुडघा टेकवायचाय."

गुडघा सगळ्यांनाच टेकवायचा असतो. सत्तरच्या दशकात अमेरिकी रेसर केनी रॉबर्ट्सनं ही शैली गाजवली, त्यानंतर फोटोतल्या प्रत्येक रायडरचा गुडघा जमिनीला लागलेला दिसतो आणि लोकांना वाटतं, बाइक गुडघ्यामुळंच वळते. घरी कानशीनं घासून आणलेले नी स्लायडर, म्हणजे सूटच्या गुडघ्यावर लावायचे प्लास्टिकचे तुकडे, मी पाहिलेत. शरीर आत काढलं की त्याच वेगाला बाइक थोडी कमी झुकवावी लागते, एवढाच त्याचा खरा फायदा. वळवायचं काम हँडलबारचं. अमेरिकी रायडिंग कोच कीथ कोडनं हे दाखवायला एका बाइकच्या चेसिसलाच पक्का बसवलेला, न हलणारा दुसरा हँडलबार जोडला होता. तो धरून नुसतं शरीर झुकवून वळायला गेलं की बाइक जेमतेम इकडची तिकडं सरकते. ही गोष्ट मी प्रत्येक ब्रीफिंगमध्ये सांगतो. लोक मान डोलावतात आणि पहिल्याच वळणावर गुडघा बाहेर काढून, हात ताठ करून, तोंड वासून बसतात.

पहिली दोन सेशन्स मी त्याच्या मागं होतो. सरळ पट्ट्यावर तो दिसेनासा व्हायचा. मग ब्रेकिंगच्या खुणेपाशी एकदम उठून बसायचा आणि ब्रेक असा आवळायचा की मागचं चाक हलकं होऊन डोलायचं. बघणाऱ्याला वाटावं, काय जबरदस्त चालवतोय. गोची त्यानंतर होती. बाइक अजून सरळ असतानाच तो ब्रेक झटक्यात सोडून द्यायचा. ब्रेक लावलेला असताना पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, दबलेला असतो, पुढच्या टायरवर वजन असतं, स्टिअरिंगचा कोन किंचित उभा झालेला असतो, म्हणजे बाइक वळायला राजी असते. ब्रेक एकदम सोडला की फोर्क उसळतो, आणि हा नेमका त्या उसळीच्या क्षणी वळायला जायचा. बाइक रुंद जायची. रुंद गेल्यावर नजर बाहेरच्या कडेवर. नजर तिकडं म्हणून हात ताठ. हात ताठ म्हणून बाइक आणखी वळेना. मग एपेक्सच्या, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या, कितीतरी पुढं जाऊन कशीबशी दिशा मिळायची आणि बाइक उभी झाली रे झाली की दोनशे हॉर्सपॉवर सगळं झाकून टाकायचे.

त्याच्या मागं एक मुलगी अडकली होती. चारशे सीसीची बाइक, जेमतेम चाळीसेक हॉर्सपॉवर. प्रत्येक वळणात ती त्याच्या मागच्या चाकाला येऊन भिडायची आणि प्रत्येक पट्ट्यावर तो तिला टाकून जायचा. नवशिक्यांच्या ग्रुपमध्ये वळणात ओव्हरटेक करायला बंदी असते. नियम बरोबरच आहे, तो नसता तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं. पण त्याचा अर्थ असा, की ज्याला वळता येतं त्यानं ज्याला वळता येत नाही त्याच्या मागं दिवस काढायचा, कारण पुढच्याचं इंजिन मोठं आहे. तिनं तक्रार केली नाही. पुढं वाट मोकळी मिळावी म्हणून तिसऱ्या लॅपला पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यातून, चक्कर मारून ती पुन्हा ट्रॅकवर गेली. शहाणी पोर.

दुसऱ्या सेशननंतर मी दोघांच्या फाइली शेजारी-शेजारी लावल्या. तिसरं वळण उजवं आहे, त्रिज्या साधारण ५० मीटर. तिथला तिचा सगळ्यात कमी वेग ताशी ७४ किमी, त्याचा ६२. हिशेब करून बघा: ५० मीटरच्या वळणात ताशी ६२ ला बाइक ३१ अंशांच्या आसपास झुकते, ७४ ला ४१ च्या आसपास. टायरच्या रुंदीमुळं प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं. आणि कोरड्या ट्रॅकवर गरम झालेले चांगले टायर ४५ अंशांनाही कुरकुर करत नाहीत. त्याच्या मागच्या टायरच्या दोन्ही कडांना बोटभर रबर कोरं होतं, म्हणजे बाइक तेवढी झुकलीच नव्हती.

"पण मला तर वाटतं, मी अगदी लिमिटवर आहे," तो म्हणाला.

मला यात खोटेपणा दिसला नाही. तो लिमिटवर होताच. टायर मात्र लिमिटपासून लांब होते.

म्हणून तिसऱ्या सेशनला मी त्याला ब्रेकला हात लावायला मनाई केली. एकच गिअर, चौथा. ब्रेक फक्त संकटात: पुढं कुणी पडलं, झेंडा दिसला, तरच. बाकी वेग कमी करायचा तो थ्रॉटल वेळेवर मिटूनच. ही युक्ती माझी नाही. कीथ कोडनं १९८० मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलमध्ये ती पहिल्या पायरीलाच शिकवतात, आणि जगभरचे कोच ती उचलतात. वरून बाळबोध दिसते. पण ब्रेक हातात असला की माणूस वळणाचा अंदाज घेतच नाही. जोरात जायचं, घाबरायचं, आवळायचं, आणि उरेल त्या वेगानं वळायचं. ब्रेक काढून घेतला की वळणात किती वेगानं शिरायचं हे आधी डोळ्यांनी ठरवावं लागतं. त्यासाठी वळणाकडं बघावं लागतं. पुढच्या चाकासमोरच्या दहा मीटरकडं बघून भागत नाही.

पहिले दोन लॅप हास्यास्पद होते. तिसऱ्या वळणात तो ताशी ५० नं शिरला. मी त्याच्या पुढं होतो, मागं वळून डाव्या हातानं खूण करत होतो: चल, ये, अजून ये. मग मी त्याला पुढं जाऊ दिलं.

तिसऱ्या की चौथ्या लॅपला त्याचं हेल्मेट वळलं. मागून बघणाऱ्याला रायडरचे डोळे दिसत नाहीत, हेल्मेट दिसतं. सकाळभर ते हेल्मेट बाइकच्या नाकाच्या रेषेत खिळलेलं होतं. आता बाइक अजून सरळ असतानाच ते उजवीकडं वळलं, आत, एपेक्सच्या पट्टीकडं. आतल्या बाजूचं कोपर सैल पडलं. बाइक एकदाच झुकली, मधे दुरुस्ती नाही. थ्रॉटल जरासा उघडला, मग थोडा आणखी, मग आणखी, आणि बाहेर पडताना बाइक आपसूक कडेच्या पट्टीपर्यंत गेली. पुढचं वळण तसंच. त्याच्या पुढचंही. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडलो, आणि मी ओरडणाऱ्यातला नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण एकाच सेशनमध्ये एवढा फरक क्वचित बघायला मिळतो.

फाइलमध्ये ते सगळं आहे. तिसऱ्या वळणात ताशी ७३. सकाळचा त्याचा सर्वोत्तम लॅप २ मिनिटं ९ सेकंद होता, तोही सहा गिअर, दोनशे हॉर्सपॉवर आणि जीव खाऊन मारलेल्या ब्रेकसकट. हा झाला २ मिनिटं १२ सेकंद. एका गिअरमध्ये, ब्रेक न लावता, मोठ्या पट्ट्यावर ताशी साठ-सत्तर किमी वेग कमी असताना. म्हणजे पट्ट्यावर गमावलेलं जवळजवळ सगळं त्यानं वळणांत भरून काढलं होतं.

तो पिटमध्ये आला. मी लॅपटॉप तयारच ठेवला होता. त्यानं आकडे पाहिले, नीट पाहिले, एक-दोन चांगले प्रश्न विचारले. त्याला ते कळलं, यात मला शंका नाही. मग हातमोजे काढत म्हणाला, "हो, पण मी बाइक चालवतोय असं वाटतच नव्हतं."

मी विचारलं, म्हणजे कसं?

"काही करतच नव्हतो ना. नुसता बसून होतो."

मी सांगायचं ते सांगितलं: नीट चाललेली बाइक अशीच लागते, आता यातच ब्रेक हळूहळू मिसळू, वळणात शिरताना लीव्हर कसा सावकाश सोडायचा ते बघू. तो "हो हो" म्हणाला. जेवणानंतर आयोजकांकडं जाऊन त्यानं उरलेल्या सेशन्ससाठी एकट्यानं चालवायची परवानगी घेतली. तो त्याचा हक्क होता.

शेवटच्या सेशनला त्यानं २ मिनिटं ६ सेकंदांचा लॅप मारला. फाइल सांगते ते तीन सेकंद कुठून आले. सगळे पट्ट्यांवरचे. बाइक उभी होताच आणखी बेधडक थ्रॉटल, आणखी उशिरा ब्रेक. पूर्ण ताकदीनं ब्रेक लावला तर बाइकचा वेग दर सेकंदाला ताशी ३५ किमीच्या आसपास उतरतो, आणि त्या एका ताकदीवर तो सगळी मदार ठेवून होता. तिसऱ्या वळणात वेग ६३.

त्याच सेशनमध्ये पाचव्या वळणाबाहेर एक बाइक खडीत गेली होती. रायडर उठून उभा होता, चौकीवर पिवळा झेंडा, म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. यानं त्या झेंड्याखाली दोघांना ओव्हरटेक केलं. त्याला काळा झेंडा दाखवला, म्हणजे मुकाट्यानं पिटमध्ये या. तोही त्याला पुढचे दोन लॅप दिसला नाही. मार्शल वैतागून जवळजवळ भिंतीवर चढला होता. नंतर रायडर मनापासून म्हणाला, "खरंच दिसला नाही हो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ताशी १०० नं एका सेकंदात २८ मीटर मागं पडतात, तो दुपटीहून जास्त वेगात होता, आणि डोळे ब्रेकिंगच्या खुणेला चिकटलेले. झेंडा दिसायला नजर मोकळी लागते.

त्याला तोंडी समज मिळाली. आणि पुढच्या वेळेसाठी मधल्या ग्रुपमध्ये बढती.

यावर माझं आयोजकाशी वाजलं. तो म्हणाला, "पट्ट्यावर हा बाकीच्या नवशिक्यांपेक्षा ताशी ऐंशीनं जास्त जातो. त्यांच्यात ठेवू कसा? उद्या कुणाच्या तरी पाठीत घुसेल." मी म्हटलं, मधल्या ग्रुपमध्ये वळणात ओव्हरटेक चालतं, तिथं हा वळणाच्या मधोमध उभा राहील आणि लोक याच्या पाठीत घुसतील. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून वाद संपला नाही. ट्रॅक डेला माणसाची परीक्षा घ्यायला आमच्याकडं लॅप टाइमखेरीज काही नाही, आणि लॅप टाइम निम्मा इंजिनाचा असतो. ती चारशे सीसीवाली पोर नवशिक्यांतच राहिली. तिचा टाइम २ मिनिटं ११ होता.

झेंड्याचं मला फारसं कोडं वाटत नाही, तसं होतं. कोडं आहे ते मधल्या पंधरा मिनिटांचं. न जमणारे लोक मी रोज बघतो, त्यांच्यासाठी माझ्याकडं दहा उपाय आहेत. याला जमलं होतं. त्यानं ते केलं, आकड्यांत पाहिलं, समजून घेतलं आणि परत ठेवून दिलं. मला आधी वाटलं, अहंकार. पण अहंकारी माणूस ब्रेक न लावण्याची अट मान्यच करत नाही. मग वाटलं, लोक इथं शिकायला येतात हे आमचं गृहीतकच असेल. कदाचित त्याला ती छातीतली धडधडच हवी असेल, ब्रेकच्या खुणेपाशी होणारी, आणि मी ती काढून घेऊन वर शाबासकी दिली. तसं असेल तर ट्रॅकवर येऊन करतोय हेच बरं. रस्त्यावर तेच केलं असतं तर खडीच्या जागी झाड असतं.

परवा त्याचा निरोप आला. त्या दिवसाची फाइल मागितली होती, सगळी नव्हे, फक्त तिसऱ्या सेशनची. मी पाठवली आणि जोडीला लिहिलं, की पुढच्या वेळी एक दिवस चारशे सीसीची बाइक घेऊन खालच्या ग्रुपमध्ये या, सोबत मी राहीन. आयोजकांचा त्याला विरोध नाही, वरच्या ग्रुपमधून खाली यायला कुठलाही नियम आड येत नाही. फक्त आजवर ते कुणी स्वतःहून मागितल्याचं मी पाहिलेलं नाही.