"जळजळ होते का?" या प्रश्नाला "नाही" म्हणू नका

आठ वर्षांपूर्वी फणसावरून पडलो आणि छातीचा चौथा मणका, म्हणजे टी-४, गेला. छातीखालचं काही कळत नाही. लघवी दर चार-सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून काढतो. ते आता अंगवळणी पडलंय. पण गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या एका दवाखान्यात बाकावर काढलेले तीन तास आठवले की अजून संताप येतो.

सकाळपासून पाय ताठ होऊन झटके देत होते. मधेच लघवी गळत होती, गढूळ आणि उग्र वासाची. बायको म्हणाली, "इन्फेक्शनच आहे, चला." खानापूरहून रिक्षा करून निघालो.

केसपेपर कन्नडमधला. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "ज्वर ऐतेन्री?" थर्मामीटर ९९ दाखवत होता. मग "उरी ऐतेन्री?", म्हणजे जळजळ होते का. मी म्हणालो, नाही. झालं, बाकावर बसवलं. मला जळजळ कळणारच नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. "नाही" नव्हे, "कळत नाही" म्हणायचं.

व्हीलचेअर आत जाईल असं संडास नव्हतं, त्यामुळे कॅथेटरची वेळ टळली. थोड्या वेळानं डोकं फुटायला आलं. चेहरा लाल, मानेवरून घाम निथळतोय. बीपी १५०/९०. नर्स म्हणाली, "थोडं जास्त आहे, टेन्शन घेऊ नका." माझं रोजचं १००/६०! बायको ओरडली, म्हणून मोठ्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. त्यांनी मला ताठ बसवलं, कमरेचा पट्टा सोडला, तिथंच पडदा ओढून लघवी काढायला लावली. दहा मिनिटांत डोकं हलकं झालं. टी-६ किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, इन्फेक्शन, अंगावरची जखम, कशानंही बीपी असं उसळतं. वरचा आकडा नेहमीपेक्षा २०-४० नं वाढला तरी धोका समजायचा. बीपी वेळेत उतरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कल्चरचं, म्हणजे लघवीत कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीचं, सॅम्पल अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्या, नव्या कॅथेटरमधून. माझा रिपोर्ट तीन दिवसांनी आला आणि गोळी बदलावी लागली. आणि हो, त्रास काहीच नसताना नुसते जंतू दिसले म्हणून गोळ्या सुरू करू नका, हे मॅडमनीच बजावलं. पाय असे झटकायला लागले तर बूड आणि टाचाही बघून घ्या, जखम तिथंही असते.

शेजारची मुलगी कन्नड शाळेत जाते. तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: टी-४, छातीखाली संवेदना नाही, नेहमीचं बीपी १००/६०. फाईलच्या पुठ्ठ्यावर चिकटवलंय, वर कन्नड, खाली मराठी.