ताठ बसूनही मान दुखायची थांबेना

मानेचं दुखणं तसं जुनंच. दिवसभर स्क्रीनसमोर काम, संध्याकाळी डोक्याच्या मागून निघून कपाळापर्यंत येणारा ठणका, मग बाम चोळून झोपायचं. उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या यायला लागल्या तेव्हा मात्र घाबरून डॉक्टरांकडे गेले. मानेत नस दबल्याचं काही निघालं नाही. "फिजिओथेरपी घ्या आणि बसण्याकडे लक्ष द्या," म्हणाले.

लक्ष द्या म्हणजे ताठ बसा, असंच कोणीही समजेल. लहानपणापासून ऐकलेलं असतं ते. छाती काढून, खांदे मागे खेचून बसले की थोडा वेळ जमायचं. कामात बुडाले की पुन्हा पोक. फोनवर गजर लावला, तर काही दिवसांत मान वरही न करता हात आपोआप तो बंद करायला लागला. वर त्या ताठपणाने पाठीत, दोन फऱ्यांच्या मधोमध, नवंच दुखणं सुरू झालं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी एकही व्यायाम दिला नाही. "रोजच्यासारखा एखादा मेसेज लिहा," म्हणाल्या आणि बाजूने फोटो काढला. कान खांद्याच्या बराच पुढे. हे अपेक्षितच होतं. मग म्हणाल्या, "आता डोळे मिटून अगदी सरळ उभ्या राहा. सरळ झालं असं वाटलं की सांगा." मी सांगितलं. तो दुसरा फोटो बघून माझा विश्वासच बसेना. मागे रेललेली मी, बरगड्या पुढे, हनुवटी वर, कंबरेत खोल बाक. मग त्यांनी हाताने धरून मला जिथे आणून उभं केलं, तिथे वाटलं आपण आता तोंडावर पडणार. तिसऱ्या फोटोत मी सरळ होते!

घोडं इथेच अडलं होतं. शरीर कसं आणि कुठे आहे याची खबर मेंदूला स्नायू-सांध्यांकडून मिळते. कवटीच्या तळाशी जे छोटे स्नायू आहेत, त्यांत तर ही खबर देणारी यंत्रणा फारच दाट असते. पण वर्षानुवर्षं एकाच ढबीत राहिलं की ती ढबच आपल्याला सरळ वाटू लागते. एफ. एम. अलेक्झांडर (१८६९–१९५५) या टास्मानियात जन्मलेल्या नटाला हेच आढळलं होतं. प्रयोगाच्या वेळी त्याचा आवाज बसायचा, डॉक्टरांना कारण सापडेना. त्याने आरसे लावून स्वतःला बोलताना पाहिलं, तर बोलायला सुरुवात करताच डोकं मागे ओढलं जात होतं. आणि आपण ते पुढे घेतोय असं त्याला वाटत असतानाही आरशात ते मागेच जात होतं. यातून त्याने पुढे जी पद्धत शिकवली, तिचे धडे मी घेतले नाहीत. आरसा मात्र टेबलाच्या बाजूला ठेवला.

मॅडमची अट विचित्र होती: सुधारायचं नाही, नुसतं बघायचं. गजराऐवजी एखाद्या क्रियेला ते जोडून घ्यायचं. फोन वाजला, दाराची कडी काढली, ब्रशवर पेस्ट घेतली, की आपण कसे आहोत ते बघायचं. सुरुवातीला मी पाठ शोधत होते आणि सापडत भलतंच होतं. जीभ टाळूला घट्ट दाबलेली, दाढा आवळलेल्या. खुर्चीच्या पायाला वेटोळं घातलेला माझा पाय. माउस धरलेला खांदा कानाकडे निघालेला. एका ठरावीक माणसाचा ईमेल आला की तो उघडण्याआधीच श्वास थांबायचा. मी मानेला दोष देत होते, आणि बिचारी बाकी सगळ्यांचं ओझं वाहत होती.

ओझ्यावरून आठवलं, मान साठ अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो, असं एक चित्र सगळीकडे फिरत असतं. तो आकडा २०१४ साली एका सर्जनने संगणकावर केलेल्या गणितातून आला आहे. वाकलं की भार वाढतो हे खरंच, कारण पाचेक किलोचं डोकं पुढे गेलं की ते मागून स्नायूंनाच धरून ठेवावं लागतं. पण असली चित्रं बघून माणूस आणखी ताठरतो, असं माझं मत. मणक्यांमधल्या गाद्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूने झिरपणाऱ्या द्रवावर त्या जगतात आणि हालचालीने, दाबातल्या चढउताराने ती ये-जा होते. त्यामुळे आदर्श बैठक शोधत बसण्यापेक्षा बैठक मोडणं महत्त्वाचं. आता मी फोनवर बोलताना उभी राहते आणि पाण्याचं भांडं मुद्दाम लांब ठेवते. व्यायामही केले, पण ते सर्वांना माहीत असलेलेच.

मुंग्यांचं कोडं याच बघण्यातून सुटलं. वाचताना मी उजवं कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून, हात दुमडून फोन धरायचे. करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला अगदी कातडीखालून जाते. कोपर टेकवणं बंद केलं तशा मुंग्या हळूहळू गेल्या. मॅडमना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंत." पण तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं?

डोकेदुखी पूर्ण गेलेली नाही. कामाची घाई असली की येते, पण आता ती कपाळापर्यंत पोचायच्या आधी खांद्यात कळते. संध्याकाळी सोफ्यावर मी मजेत पोक काढून पडते, त्याचं मानेला काही वाटत नाही. त्या ठरावीक ईमेलला मात्र अजून श्वास थांबतोच.