फिल्म बसवून सतरा दिवस, गाडी अजून आंब्याखालीच

गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म बसवली, त्याला आज सतरावा दिवस. मागच्या काचेवरचे पाण्याचे फुगे जवळजवळ गेले, डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेघांना लागून दोन-तीन उरलेत. नखाने दाबायचा मोह आवरतोय. फिल्म बसवताना मारलेलं, आत अडकलेलं शाम्पूचं पाणी हळूहळू आपोआप उडतं, आणि गुहागरच्या दमट हवेत त्याला जरा जास्तच दिवस लागतात. फुगा रोज थोडा लहान होतो. पहिल्या दिवशीचा ठिपका आजही तेवढाच असेल तर खाली कचरा आहे, समजा. माझ्याकडे तसले दोन आहेत. असोत.

घोळ तिसऱ्या दिवशी झाला. बसवणारा म्हणाला होता, "दोन दिवसांनी काचा खाली घ्या, काही होत नाही." मी त्यावर विसंबलो. कोपऱ्यावर मासेवाली दिसली आणि आईने "बांगडे कसे दिलेस गो?" म्हणत काच सर्रकन खाली घेतली. वर आली तेव्हा कडेचा कोपरा नखाएवढा सुटलेला. मऊ फडकं बोटाला गुंडाळून दाबला, बसला, पण बारीक सुरकुती राहिली ती राहिलीच. आपल्या किनाऱ्यावर निदान आठवडाभर तरी थांबा, आणि काचांच्या बटणांवर मास्किंग टेप लावा. घरच्यांना सांगून भागत नाही.

अमोनियावाला काचेचा क्लीनर गाडीतून काढून टाकला, फिल्मला तो बाधतो. पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब, तेही फडक्यावर मारायचे. थेट काचेवर मारलं की ओघळ कडेतून आत शिरतो. आणि हो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. हा आकडा काच आणि फिल्म मिळून आहे, नुसत्या फिल्मचा नाही.

आता गाडीचा रंग. खळ्यात सावली एकच, हापूसची. मोहरावरचे तुडतुडे रस पितात आणि खाली गोड चिकटा सोडतात. बॉनेटवर आधी तो चिकटा, त्यावर जांभ्याची लाल धूळ, दुर्लक्ष केलं तर वर काळी बुरशी. गेल्या वर्षी कोरड्या फडक्याने पुसलं आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले. यंदा ओला टॉवेल पसरून दहा मिनिटं ठेवला, चिकटा फुगला, मग शाम्पूच्या पाण्याने अलगद निघाला. देठाचा चीक मात्र दिसला की त्याच दिवशी काढायचा. टपावर गेल्या मे महिन्यातले दोन डाग आहेत, पॉलिशलाही दाद देत नाहीत.

आमच्या विहिरीचं पाणी थोडं मचूळ, म्हणून धुतल्यावर लगेच टिपून घेतो, नाहीतर पांढरे ठिपके पडतात. रविवारी क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवून सीलंट (रंगावरचा संरक्षक थर) लावला. पाणी आता मोत्यासारखं घरंगळतं. कव्हर नको, समुद्रावरच्या वाऱ्याने फडफडून धूळ रंगावर घासली जाते.

फांदी छाटायचा विषय बाबांकडे काढून पाहिला. म्हणाले, "गाडी हलव."