आमची वाटचाल : दोन्ही पक्षांचे, म्हणून कोणाचेच नाही

आम्ही दोघांनी कंपनी काढली तेव्हा कार्डावर एकच ओळ छापली होती : 'ई-डिस्कव्हरी, दोन्ही पक्षांसाठी'. म्हणजे खटल्यासाठी मेल, फाइली अशी इलेक्ट्रॉनिक माहिती जपून गोळा करायची आणि छाननीला तयार करायची. वकील हसायचे. प्रत्येकाला आपला माणूस हवा असतो, आणि जो समोरच्यालाही चालतो तो त्यांना समोरच्याचाच वाटतो. अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत 2006 साली इलेक्ट्रॉनिक माहितीला वेगळी जागा मिळाली, तिथली न्यायालये अशा कामाला स्पेशल मास्टर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने काम पाहणारा तटस्थ माणूसही नेमतात, हे मी प्रत्येक बैठकीत सांगायचो. ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे.

माझा भागीदार हत्यारांचा वेडा. पहिल्या बिलाचे पैसे आले ते राइट ब्लॉकरमध्ये गेले. ड्राइव्ह आणि संगणकाच्या मध्ये बसणारी ही डबी ड्राइव्हवर काही म्हणजे काही लिहू देत नाही. आता बंद पडली आहे, पण जुन्या आयडीई केबलसकट माझ्या टेबलावर आहे. इमेज, म्हणजे ड्राइव्हची हुबेहूब प्रत घ्यायची, तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे डिजिटल ठसा काढायचा आणि ती 64 अक्षरे दोन्ही वकिलांसमोर मोठ्याने वाचायची, ही आमची पद्धत. शेवटचे अक्षर जुळले की भागीदार पेनाला टोपण लावायचा. मगच सह्या.

मधली वर्षे बरी गेली. मग ते प्रकरण आले.

वाद एवढाच, की करार रद्द केल्याची नोटीस मुदतीत गेली की नाही. मेल मध्यरात्रीच्या आसपास गेलेली. सर्व्हरवरचा मेलबॉक्स आम्ही यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर प्रोसेस केला. लॅपटॉपमधली पीएसटी, म्हणजे आउटलुकची मेल साठवणारी फाइल महिन्याभराने हाती आली, ती नव्या मुलाने स्थानिक वेळेवर चालवली. आमचे सॉफ्टवेअर मेलचा हॅश काढताना पाठवल्याची वेळही धरायचे. त्यामुळे एकाच मेलचे दोन वेगळे हॅश निघाले, दुबार मेल गाळल्याच गेल्या नाहीत आणि एकच नोटीस दोन तारखांना दिसू लागली. एक मुदतीच्या आत, एक बाहेर!

मूळ इमेजला धक्का नव्हता. मेलच्या हेडरमध्ये ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा वेळेचा फरक, स्वच्छ दिसत होता. पण एका पक्षाने आमच्यावर नजर ठेवायला दुसरी कंपनी बसवली होती. नाव घेत नाही. त्यांनी आम्हाला एक फोन न करता थेट अहवाल दाखल केला, आणि त्यात 'फेरफार' हा शब्द मथळ्यातच. चूक आधी आम्हाला सापडायला हवी होती, हे मान्य. पण फेरफार? आमची नेमणूक गेली, दोन्हीकडची बिले अडकली, आणि उरलेले काम त्याच कंपनीला मिळाले. आमच्याच इमेजवर, आमच्याच हॅशच्या भरवशावर. हे मी अजून विसरलेलो नाही.

अकरा महिने भागीदाराने पगार घेतला नाही. मीही नाही.

त्या प्रकरणात समोर एक वकीलबाई होत्या. त्यांच्या अशिलाने आम्हाला सर्वांदेखत झापले होते. एक दिवस बाईंचीच मेल आली, प्रत दुसऱ्या एका वकिलांना. "चूक केलीत, पण प्रोसेसिंगचा लॉग मागितल्याबरोबर पूर्ण दिलात. नव्या प्रकरणात तुमचे नाव सुचवते आहे. समोरच्या पक्षाची हरकत असेल तर कारण लेखी द्यावे." हरकत आली नाही. तेव्हापासून बाईंचे काम आमच्याकडेच. पण आजवर त्यांनी एकदाही एकट्याने फोन केलेला नाही. नववर्षाच्या शुभेच्छासुद्धा समोरच्या वकिलांना प्रत लावून येतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, विचारले नसले तरी. जीबीमागे दर ठरवण्याआधी टाइमझोन ठरवा. प्रिव्हिलेजचा, म्हणजे वकील-अशील यांच्यातल्या गोपनीय कागदांचा गठ्ठा वेगळ्या लॉगिनखाली ठेवा आणि चुकून बाहेर गेलेला कागद परत कसा घ्यायचा ते आधीच लिहून घ्या. एका पक्षाने 'जरा खासगीत' म्हटले की दुसऱ्यालाही कॉलवर घ्या. आणि नव्या मुलाला दोष देऊ नका. सेटिंग तपासायचे काम माझे होते. तो मुलगा आज आमचा प्रोसेसिंग विभाग चालवतो.

परवा तो अहवाल दाखल करणाऱ्या त्याच कंपनीकडून आमच्या प्रोटोकॉलचा नमुना मिळेल का, अशी विचारणा आली. भागीदार म्हणाला, देऊ नकोस. मी पाठवला. टाइमझोनचे कलम पहिल्या पानावर आहे, ठळक अक्षरांत.