देवाला पहिले स्थान, पण कोणाच्या वाट्यातून?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात अन्नवस्त्राची चिंता करू नका असे सांगताना प्रभू येशू आधी देवाचे राज्य आणि त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यासाठी झटायला सांगतो. आपण या वचनाचा व्यवहारातला अर्थ बहुधा वेळापत्रकात बसवतो. दिवसाची पहिली घटका प्रार्थनेला, आठवड्याचा पहिला दिवस उपासनेला आणि पगारातला पहिला भाग दशमांशाला. ही शिस्त मला मान्य आहे आणि आमच्या घरात ती पाळलीही जाते. मात्र मुंबईत संसार करताना मला त्याहून महत्त्वाचा वाटू लागलेला प्रश्न असा की, आपण देवाला देतो तो वेळ आणि पैसा नेमका कोणाच्या वाट्यातून जातो?

पहाटेच्या प्रार्थनेचेच पाहा. येशू मोठ्या पहाटे उठून एकांतात प्रार्थना करायला गेला, असे मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. बदलापूरहून किंवा विरारहून सकाळची लोकल गाठणाऱ्या माणसाला वन-रूम-किचनमध्ये असा एकांत मिळतो, तेव्हा त्या वेळी त्याच घरात दुसरे कोणीतरी पोळ्या लाटून डबे भरत असते, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा बायकोच असते. नवऱ्याच्या भक्तीची सर्वत्र वाखाणणी होते; तिला शास्त्र उघडायला वेळ कधी मिळतो, हे सहसा कोणी विचारत नाही. काही सकाळी डबा नवऱ्याने केला आणि तिला निवांत बसू दिले, तर ती सकाळही देवालाच दिलेली आहे, असे मी मानतो.

पैशाबाबत येशूचे बोलणे अधिक कठोर आहे. आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे जाहीर करून त्यांच्या पोषणातून मोकळे होणाऱ्यांना त्याने मार्कच्या 7व्या अध्यायात स्पष्ट शब्दांत फटकारले आहे. गावी राहणाऱ्या आईच्या औषधांना हात आखडता घेऊन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इमारत निधीला मोठी रक्कम देणे, हे त्याच जातीचे आहे. त्या देणगीची पावती सुबक मिळते, एवढाच काय तो फरक.

अर्थात प्रत्येक वेळी किंमत फक्त स्वतःलाच मोजावी लागेल, अशी सोय नसते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मुलासह काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहावे लागले. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण तो त्यांचा स्वतःचा, स्वतःच्या विचाराने घेतलेला निर्णय होता. टिळकांनी थांबायला हवे होते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र त्यांच्या निष्ठेबद्दल व्याख्यान देताना लक्ष्मीबाईंची ती वर्षे एका वाक्यात उरकली जातात, हे मला खटकते.

सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो रविवार. आपली तक्रार ठरलेली असते: मेगाब्लॉकमुळे गाड्या उशिरा धावतात, मुलांच्या क्लासवाल्यांना परीक्षा घ्यायला नेमकी उपासनेचीच वेळ सापडते, आणि अधूनमधून कार्यालयही बोलावून घेते. या अडचणी खऱ्या आहेत. तथापि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात विसाव्याची आज्ञा केवळ घरच्या माणसांसाठी नाही. दास, दासी, गुरेढोरे आणि गावात राहणारा परकाही तिच्यात येतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात त्याचे कारणही दिले आहे की, तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. असे असताना आपण मंडळीतून परतल्यावर पाहुण्यांना जेवायला बोलावतो, मटणाचा बेत करतो, आणि मोठमोठ्या पातेल्यांचा ढीग भांड्याला येणाऱ्या मावशींसाठी ठेवतो. आज्ञेत ज्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यांच्याच वाट्याला आपल्या विसाव्याच्या दिवशी दुप्पट काम येते.

आम्ही आमच्याकडे रविवारची सुट्टी पगार न कापता दिली, त्या दिवशीचा स्वयंपाक एका पातेल्यात होईल एवढाच ठेवला, आणि भांडी घासण्याची पाळी मुलांसह सर्वांत वाटून घेतली. पाहुण्यांना याचे थोडे नवल वाटते; एका ज्येष्ठ नातेवाइकांनी तर रविवारी भांडी घासणे हेही कामच नाही का, असा रास्त प्रश्न विचारला. काम आहेच, पण ते आमचे आहे. अडचण वेगळीच आहे. मावशींना याच इमारतीत आणखी घरे आहेत आणि तिथे रविवारी सुट्टी नाही, त्यामुळे आमच्या सुट्टीने त्यांचे एक घर कमी होते, दिवस काही मोकळा होत नाही. त्या घरांपैकी दोन आमच्याच मंडळीतली आहेत, आणि त्यांच्याशी हा विषय कसा काढावा, यावर आमच्या घरात सध्या चर्चा चालू आहे.