नुसते ओठ हलव

आठवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मी दुसऱ्या रांगेत होतो. तालमीच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी पेटी थांबवली आणि रांगेतून फिरत एकेकाच्या तोंडाजवळ कान नेला. माझ्यापाशी आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अरे, तू नुसते ओठ हलव. उभा छान राहतोस तू." संमेलनात मी ओठ असे काही हलवले की आईला बरीच वर्षं वाटत होतं, आपला मुलगा गातो.

मिरजेत राहून गाता न येणं म्हणजे कोकणात राहून पोहता न येणं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना तालीम दिली ती याच गावात. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला. उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्र रात्र गाणं चालायचं आणि आम्ही पोरं सतरंजीच्या कडेला बसून, कधी आडवी होऊन, ते ऐकायचो. अशा गावात माझ्या वाट्याला हा गळा!

बाईंना बहुधा वाईट वाटलं असावं. त्यांनी मला शाळेचा तंबोरा सांभाळायचं काम दिलं. गवसणी काढायची, पुसायचा, कार्यक्रम झाला की परत कोपऱ्यात उभा करायचा. एकदा त्याचा आवाज बसला. तारा जुळत होत्या, पण घुमत नव्हतं काही, पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून वाजवावं तसं वाजायचं. बाई म्हणाल्या, घेऊन जा सतारमेकर गल्लीत. मी आणि वर्गातला एक मित्र, दोघं मिळून तो तंबोरा आजारी माणसाला न्यावं तसा घेऊन निघालो. वाटेत त्याने माझ्या डोक्यावर दोनदा आपटून घेतलं. तंबोऱ्याने, मित्राने नव्हे.

दुकानात जमिनीवर बसूनच काम चालायचं. पंढरपूरकडचे वाळलेले कडू भोपळे आढ्याला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा वास. चाचांनी तार छेडली आणि न बघताच सांगितलं, "जवारी गेली." म्हणजे तारेतला तो घुमारा गेला. मग तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढली आणि कानशीने तिची पाठ घासायला बसले. किती घासलं म्हणाल तर डोळ्यांना दिसेल इतकंही नाही. दोन हात मारायचे, घोडी बसवायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. असं सात-आठ वेळा झालं. आम्ही कंटाळून भुशात रेघोट्या ओढत बसलो. शेवटी त्यांनी एक सुती दोरा घेतला, तार आणि घोडी यांच्या मधे घातला आणि तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवत राहिले. "बाळ, इकडं कान लाव." दोरा सरकला आणि त्याच तारेतून, तीच तार, तेवढीच ताणलेली, एकदम मधमाश्यांचं पोळं उठावं तसा आवाज निघाला. चाचा दोरा आणखी जरासा सरकवून म्हणाले, "आता बघ, गेला." खरंच गेला होता. परत आणला. "आला." तो खेळ त्यांनी माझ्यासाठी चार-पाचदा केला. दुसरं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.

त्या आठवड्यात निबंधाचा विषय 'माझा आवडता छंद' होता. मी तिकिटं गोळा करण्याऐवजी तो दोरा लिहिला. मराठीच्या सरांनी वहीत 'मधुर', 'सुरेल', 'कर्णमधुर', 'मंत्रमुग्ध' हे चारही शब्द लाल शाईने खोडले आणि समासात लिहिलं, 'मधमाश्यांचं पोळं राहू दे.' दहापैकी साडेसहा. रागावलो होतो मी. आज वाटतं, संगीतावर लिहिण्याचं माझं सगळं शिक्षण त्या एका समासात झालं, त्यापुढे काही नवीन शिकलो असेन असं नाही.

1978 साली दहावी झालो. पुढे बँकेत लागलो, बदल्या झाल्या. प्रत्येक गावात आधी रेडिओ लावायचा, मग गॅसचा नंबर. पुण्याच्या जुन्या बाजारात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या किलोवर विकाव्यात तशा पडलेल्या असायच्या. तिथून रोग लागला. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात राग उभा करायचा, आणि अगदी जुन्या तबकड्यांवर शेवटी आपलं नावही सांगायचं. तासभर गाणाऱ्या माणसाने तीन मिनिटांत काय ठेवलं आणि काय गाळलं, हे ऐकता ऐकता मी वह्या भरायला लागलो. वह्यांचे लेख झाले. बायको म्हणते, गाणं तीन मिनिटांचं आणि तुमचा लेख तीन महिन्यांचा.

पहिला मोठा लेख एका दिवाळी अंकात आला. एका जुन्या गवयाची पट्टी किती चढी होती, त्यामुळे त्यांच्या ताना कशा अणकुचीदार वाटतात, असं पानभर लिहिलं होतं. महिन्याने एका निवृत्त पेटीवादकांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच: 'ते काळी एकात गात. आपण पांढरी दोन म्हणता. आपले यंत्र पळते काय?' मी तबकडीच्या लेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला 82! चार-साडेचार फेऱ्या वाढल्या की काळी एकची पांढरी दोन, म्हणजे पेटीवरची लगेच वरची पट्टी, होते, हे गणित तेव्हा कळलं. शिवाय सुरुवातीच्या काळातल्या तबकड्यांवर 78 लिहिलेलं असलं तरी त्या नेमक्या त्याच वेगाने भरलेल्या असतील याची हमी नाही, हे त्याहून नंतर. म्हणजे ज्या अणकुचीदार तानांवर मी पान खर्ची घातलं त्या निम्म्या माझ्या यंत्राच्या होत्या. ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांवर मात्र मी अजून लिहिलेलं नाही. तीनदा सुरुवात केली. त्यांची झिंझोटीतली ठुमरी लावली की पहिल्याच सुराला गल्लीतला तो दोरा सरकतो आणि पुढचं वाक्य सुचत नाही. खाँसाहेब तंबोरे स्वतः दुरुस्त करत. 1937 च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल या छोट्या स्टेशनावर ते गेले. प्रकृती बिघडली म्हणून गाडीतून उतरले, तंबोरा जुळवून घेतला आणि गात गात गेले, असं सांगतात. दफन इथे आपल्या दर्ग्यात आहे. कधी मिरजेला आलो की तिथं जरा टेकतो. लेख होईल तेव्हा होईल.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी मुद्दाम गल्लीत गेलो. चाचा आता नाहीत, नातू बसतो. शाळेचा तंबोराही अमृतमहोत्सवासाठी तिथेच दुरुस्तीला आला होता. भोपळ्याला पडलेली जुनी चीर मी ओळखली, ती माझ्या डोक्याची आहे.

उद्घाटनाला माजी विद्यार्थी स्वागतगीत म्हणणार आहेत. यादीत माझंही नाव आहे, दुसरी रांग. बाई समोर बसणार आहेत असं कळतं. त्यांनी काळजी करू नये, मी ओठच हलवणार आहे.