नर्सिंग जर्नलला पेपर पाठवल्यावर पुढे काय होतं

पेपर सबमिट केला की थेट रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या त्या विषयातल्या तज्ज्ञाकडे, जातो, असं अनेकांना वाटतं. पण पहिली चाळणी जर्नलच्या ऑफिसातच लागते. विषय जर्नलच्या कक्षेत बसतो का, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, इतर मजकुराशी साम्य किती, योग्य चेकलिस्ट (पेपरात काय काय लिहायला हवं त्याची ठरलेली यादी) जोडली आहे का, हे तिथे बघतात. रँडमाइज्ड ट्रायलला (रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या प्रयोगाला) कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, मुलाखतींच्या अभ्यासाला ३२ मुद्द्यांची कोरेक. पान क्रमांक न देता नुसतं ‘हो’, ‘हो’ भरलेली चेकलिस्ट न जोडल्यासारखीच. ट्रायलची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली नसेल, तर अनेक जर्नल तिथेच नकार देतात. ही चूक नंतर दुरुस्तही होत नाही.

नर्सिंग जर्नलांत दुहेरी अनामिक पद्धत बरीच चालते: लेखक आणि रिव्ह्यूअर एकमेकांना अनोळखी. नावाचं पान वेगळं अपलोड केलं की काम झालं, असं मात्र नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं, एथिक्सच्या वाक्यात कॉलेज राहतं, आणि ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ लिहून पुढे संदर्भ दिला की उरलंसुरलं गुपितही फुटतं.

मग संपादक रिव्ह्यूअर शोधतो. साधारण दोघे तरी लागतात, पण काही नकार कळवतात, काही उत्तरच देत नाहीत. स्टेटस महिनाभर हललं नाही, तर बऱ्याचदा पेपर इथेच अडकलेला असतो.

रिव्ह्यूअर सर्वाधिक अडतात ते एकाच गटाच्या पूर्वचाचणी-उत्तरचाचणीवर. शिकवणीनंतर लगेच तीच प्रश्नावली दिली, गुण वाढले, पी-व्हॅल्यू (नुसता योगायोग असता तर इतका फरक दिसण्याची शक्यता) छान, म्हणजे कमी आली. पण तुलनेला दुसरा गट नाही, प्रश्न ओळखीचे झालेले, आणि हात धुण्याबद्दलचं ज्ञान वाढलं म्हणून वॉर्डात हात धुतले जातातच असं नाही. दुसरी नेहमीची खोट: क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) मूळ लेखकांचा उतरवलेला, आपल्या नमुन्यावर काढलेलाच नाही.

संपादक मतं मोजत नाही. रिव्ह्यूअर लेखकासाठी एक आणि संपादकासाठी एक गोपनीय शेरा लिहितो; दोन्ही वाचून निर्णय संपादकाचा. त्यामुळे वरवर सौम्य शेऱ्यांनंतरही नकार येऊ शकतो. ‘मेजर रिव्हिजन’ (मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवा) आलं तर खचू नका, दार उघडं आहे.

उत्तर मुद्दागणिक द्या: शेरा जसाच्या तसा, खाली उत्तर, बदललेलं वाक्य, ओळ क्रमांक. ‘सुधारणा केली’ एवढ्याने भागत नाही. नमुन्याचा आकार कसा ठरवला असं विचारलं, तर अपेक्षित फरक, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), अल्फा (क्रॉनबॅकचा नव्हे; फरक नसताना तो आहे असं ठरवण्याची चालवून घेतलेली शक्यता) आणि मध्येच सोडून जाणाऱ्यांची धरलेली गळती लिहा. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट मागत असतील, तर एक बाजू निवडून कारण द्या. आणि आकाराचं गणित आधी केलंच नसेल, तर आता मागून जुळवू नका. जितके मिळाले तितके घेतले असं सरळ सांगून ते मर्यादांमध्ये टाका. जुळवलेलं गणित रिव्ह्यूअरला पटकन ओळखू येतं.